शून्य मिनिटांत बेलग्रेड

सोफिया, रविवार

तीर्थरूप दोब्रिंकाताईस,

धाकट्या स्तामेनचा शिरसाष्टांग नमस्कार. तुझे गुडघे काय म्हणतात? शेळी व्याली का? माझा रक्तदाब उत्तम आहे, कारण ताई, मी जिंकलो!

आमचा साडू गेंचो (तोच, ज्याला बघून तुझं डोकं उठतं) तीस वर्षं ऐकवतोय की बेलग्रेडला जायचं तर मोटारीनंच. चारशे किलोमीटर, पाच तास, वाटेत एक कॉफी. आमच्या लेकीची, इलियानाची, विश्न्या तिकडे बेलग्रेडला नुकतीच चालायला लागली, आणि शनिवारी दुपारी बाराला तिच्या पहिल्या पावलांचा सोहळा ठरला. गोल पाव घरंगळणार, पोर त्यामागे जाऊन तबकातली एक वस्तू उचलणार, आणि तिचं पुढचं आयुष्य ठरणार. हे चुकलं तर मी आजोबा कसला? मी विमानाचं नाव काढताच गेंचो म्हणाला, "गुपचूप गाडीत बस. तुझं विमान उडेस्तोवर मी पोरीला मांडीवर घेऊन बसलेला असेन." झालं! सदुसष्टाव्या वर्षी मी पहिलंवहिलं विमानाचं तिकीट काढलं.

तिकिटावर काय होतं माहीत आहे? सुटणार दहा चाळीसला, पोचणार दहा चाळीसला! हवेतून जेमतेम सव्वातीनशे किलोमीटर, प्रवास तासाभराचा, आणि तिकडचं घड्याळ आपल्यामागे बरोब्बर एक तास. म्हणजे वेळ लागला शून्य मिनिटं. तिकीट गेंचोच्या नाकासमोर धरलं, तर त्यानं नुसती टायरला लाथ मारून हवा तपासली.

खिडकीतून डोंगर न्याहाळत मी मजेत उतरलो. दहा चाळीस! पण पुढे टॅक्सीवाल्यानं घोळ घातला. (मी नाही.) त्यानं विचारलं, "झेमुनला का, काका?" मी 'हो' म्हणून मान आडवी हलवली. आता आपला 'हो' या लोकांचा 'नाही' असतो हे ऐन गडबडीत कुणाला आठवतंय? मग तो एकेका वस्तीचं नाव घेत गेला. झ्वेझ्दारा म्हटल्यावर मी 'छे छे' म्हणून मान जोरजोरात खालीवर केली, आणि हा बाबा खुशीत नदीपलीकडे सुटला. शेवटी तोंडानं ओरडलो तेव्हा गाडी वळली. विमानाला शून्य मिनिटं, टॅक्सीला सत्तर.

तरी बाराला पाच कमी असताना मी दारात हजर. आणि गेंचो? सुट्टी संपवून जर्मनीला परतणाऱ्या मोटारींच्या रांगेत, सीमेवर! तबकात पेन होतं, कात्री होती, चमचा होता. गेंचो त्यात ठेवणार होता ती त्याच्या मोटारीची किल्ली काही वेळेत येईना. मी माझा विमानाचा पास ठेवला. ताई, पोर डुलत डुलत आली, चमच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पास उचलला आणि तोंडात घातला. मी सगळ्यांदेखत रडलो. गेंचो चारला आला तेव्हा त्याच्या वाट्याला पावाची कड उरली होती.

तुझा विजयी भाऊ,
स्तामेन

ता. क. डोंगर न्याहाळल्याचं वर लिहिलंय ते पत्र टाकण्याआधी गेंचोला वाचून दाखवण्यापुरतं. तासभर डोळे घट्ट मिटून शेजारच्या बाईचा हात धरला होता. उतरल्यावर ती म्हणाली, "आजोबा, आता सोडा की."

आणखी एक. जावयाला, नेनादला, लिस्बनमध्ये नोकरी लागलीय. शरदात तिघंही चालले. पावणेतीन हजार किलोमीटर, चार तासांच्या वर. घड्याळ दोन तास परत देतं म्हणे, पण विमानात बसून तर सगळेच तास काढावे लागणार. मोटारीनं किती, असं मी गेंचोला विचारलं. "तीन दिवस," म्हणाला. ताई, नाताळला माझ्याबरोबर चल ना. एवढा वेळ परक्या बाईचा हात कसा धरू? खिडकीची जागा तुला देतो.