विहिरीच्या बांधावरची खोकडं

माघ शु. ३
पिवळी कोंबडी गेली. अंडी घालणारी एवढी एकच होती. बांधापर्यंत पिसं सांडलीत. विहिरीच्या बांधात बीळ आहे, तीन तोंडांचं. मी इतके दिवस घूस समजत होते. आज डोळ्यांनी पाहिलं. खोकड. मांजरापेक्षा थोराड, मातकट, शेपटीचं टोक काळं. पळालं नाही. माझ्याकडं असं बघत राहिलं की जसं वावर त्याचं आणि मी पाहुणी आलेय. दगड मारला, चुकला. दुसरा मारला, तोही चुकला. मग तोंडाला येतील त्या शिव्या दिल्या.
रानात एकटी राहते. ओरडायला माणूस नाही म्हणून लिहिते. वडील पंतोजी होते, धुळपाटीवर त्यांनी अक्षर गिरवून घेतलं, त्याचा उपयोग शेवटी हा. खोकडाला शिव्या.

माघ शु. ६
बाबूमियाँ बोरं न्यायला आला. केजचा फळवाला, हे होते तेव्हापासून आमचीच बोरं नेतो. त्याच्यासमोर खोकडाची जोडी बोरीखाली येऊन बोरं वेचायला लागली. दोन आहेत, एक नाही! मी काठी घेऊन धावले.
बा.मि. हसला. "जाने दो बाई. पडेल बोरंच खातंय, झाडावर थोडंच चढतंय?"
म्हटलं, कोंबडी काय झाडावरनं पडली होती?
बोरं भरून गेला.

माघ शु. १०
ज्ञानोबा आला. धाकटा दीर. साथीत हे गेले तेव्हापासून वर्षातून दोनदा येतो आणि दोन्ही वेळा एकच बोलतो.
"वहिनी, एकटी बाई रानात राहती, बरं दिसतंय का? घरी चला. वावर मी बघतो."
वावर बघतो म्हणजे विहीर बघतो. त्याच्या विहिरीचा तळ शिमग्याला दिसतो, माझी ज्येष्ठातही आटत नाही. ह्यांनी स्वतः सुरुंग लावून खडक फोडला होता. कानठळ्या बसून महिनाभर ऐकू येत नव्हतं त्यांना. तेव्हा हा ज्ञा. जत्रा करत हिंडत होता.
म्हटलं, भावजी, वाटणी झाली, पंचांसमोर झाली. चहा घ्या आणि जा.
चहा न घेता गेला. जाताना बिळापाशी थांबून बराच वेळ बघत होता.

माघ व. १
सकाळी ज्वारीच्या कडेला खोकडानं उंदीर धरला. मग दुसरा. ताटं कुरतडून उंदरांनी यंदा वैताग आणलाय, ते खरं. उंदीर खाल्ले म्हणून कोंबडी माफ नाही. बाजारातून येताना फावडं घासून आणलं. उद्या बीळ बुजवते.

माघ व. २
फावडं घेऊन गेले. एक तोंड अर्धं बुजवलं. आतून बारीक कुईं कुईं. पिल्लं आहेत. टेकले तिथंच. मग घरी येऊन भाकरी केली. उद्या बघू.

माघ व. ५
कौसाच्या लेकीला ताप, असं अधूनमधून कामाला येणाऱ्या गड्यानं सांगितलं. कौसा ज्ञानोबाची बायको, माझी धाकटी जाऊ. लेक सहा महिन्यांची. बाळंतपण मीच केलं होतं. सुंठ घेऊन गावात गेले.
दारातच ज्ञा. आडवा. "आत येऊ नका."
आत देवऋषी बसलेला, ऊद जाळून धूर केलेला. त्या धुरात ते लेकरू! तो मला बघून डोळे फिरवून घुमायला लागला. "रानातली बाई. खोकडाला दूध पाजती. खोकड लेकराच्या उशाला बसतंय."
मी म्हटलं, काय म्हणालास? परत म्हण.
त्यानं परत म्हटलं, मोठ्यानं. ओट्यावर बाया जमल्या होत्या. शेजारच्या चंद्रभागेनं आपलं पोर पदराखाली घेतलं. तिच्या दोन बाळंतपणांना मी रात्र काढलीय.
सुंठ उंबऱ्यावर ठेवली. ज्ञानोबानं पायानं लोटली.
अक्षर वाकडं येतंय. येऊ दे.

माघ व. ६
चावडीवर गेले. बाईमाणूस चावडीवर चढत नाही, मी चढले.
"पाटील, मी खोकडाला दूध पाजत असते तर त्यानं माझीच कोंबडी नेली असती का?"
दोघंतिघं हसले. पाटील हसले नाहीत. पान लावत म्हणाले, "बाई, लोकांच्या तोंडाला हात लावता येतो का? ते बीळ बुजवून टाका. विषय मिटला."
"माझ्या बांधात मी काय बुजवायचं ते मी ठरवीन."
"मग लोक बोलणारच."
परवा मीच बुजवत होते, हे त्यांना कशाला सांगू? आता मुळीच बुजवणार नाही. खोकडांसाठी नव्हे. ते चोर आहेत. पण ज्ञानोबा म्हणतो म्हणून माझ्या बांधाची एक मूठ माती इकडची तिकडं होणार नाही.

माघ व. ११
लेकीचा ताप उतरला. आपोआप उतरला असेल नाहीतर कौसाच्याच काढ्यानं. देवऋषी कोंबडा घेऊन गेला. त्याचं बीळ कोण बुजवतंय?
पाणी शेंदायला येणाऱ्या शेजारच्या वस्तीवरच्या दोन बाया आज आल्या नाहीत. ओढ्याला गेल्या. माझ्या विहिरीचं पाणी बाटलं म्हणे.

फाल्गुन शु. २
पिल्लं बाहेर आली. चार. उन्हात एकमेकांच्या शेपट्या ओढत होती. आई बांधावर बसून, कान टवकारलेले. एक पिल्लू कोरड्या शेणाच्या गोवरीशी भांडत होतं, गुरगुरत, जणू वाघच मारतोय. काम सोडून बघत बसले. भान आलं तेव्हा स्वतःचाच राग आला. वैरण टाकायची राहिली, बैल हंबरत होते.

फाल्गुन शु. ५
कडबा बांधून झाला. गंजी रचली, गोठ्यापलीकडं, उंचावर. चांगली झालीय. दोन बैल आणि गाय, वर्षाची वैरण. रोजानं यायला गावातलं कोणी तयार नव्हतं. तलवाड्याकडचं कामाला हिंडणारं एक जोडपं मिळालं, म्हणून झालं. गावातल्यांनी त्यांनाही गाठून सांगितलं होतं. ती बाई म्हणाली, "आमी फिरस्ती माणसं. आमाला समदे चेटूकच म्हणत्यात." जेवायला घातलं. सकाळी गेली.

फाल्गुन शु. ८
बाजारातून येताना वेशीवरून धूर दिसला. काळा. गाडी पळवली.
गंजी पेटली होती. पुरी. जवळ जाता येत नव्हतं.
ज्ञानोबा आणि त्याचे तिघं सोबती बांधावर उभे. बिळाच्या एका तोंडाला गोवऱ्या आणि मिरच्या घालून धुरी दिलेली, दोन तोंडांना पोती कोंबलेली. कोणाच्या हातात बादली नाही. विहीर समोर.
बैल गाडीला तसेच सोडून धावले. मोट नाही, हातानं पाणी शेंदलं, एकटीनं. कशाला शेंदलं कोण जाणे. शेवटी गोठा तेवढा वाचला.
ज्ञा. म्हणतो, "वहिनी, खोकडं माराया आलतो. ठिणगी उडाली. आमी मुद्दाम केलं का?"
वारं गंजीकडून बिळाकडं वाहत होतं. धूर माझ्या तोंडावर येत होता बांधावर उभी असताना. ठिणगी वाऱ्याच्या तोंडात चालत गेली का, भावजी? एवढंच विचारलं. चौघं निघून गेले.
जेवले नाही. गाय धुरानं खोकतेय.

फाल्गुन शु. ९
बीळ उकरलं. दोन पिल्लं मेलेली, एकमेकांवर. बाकी दोन नाहीत. आईनं आधी नेली असतील नाहीतर... माहीत नाही.
लिंबाखाली पुरली. दिवस मावळायच्या आत खोकड आलं. बांधावर येऊन उकरायला लागलं, त्याच जागी, माती मागं फेकत. मी ओरडले, जा! जा म्हटलं! कोण राहिलंय इथं! गेलं नाही. ढेकूळ मारलं. तरी उकरतच होतं. मग मी आत गेले आणि दार लावलं.

फाल्गुन शु. ११
पाटील म्हणतात, घरातली गोष्ट आहे, दीर-भावजय मिटवून घ्या. म्हणतात, ज्ञानोबा बैलांना वैरण द्यायला तयार आहे, तुम्ही घरी राहायला जा. म्हणजे कडबा जाळायचा आणि कडब्याच्या बदल्यात विहीर घ्यायची. मला हे कळणार नाही असं त्यांना वाटतं. बाईला अक्षर येतं एवढं ठाऊक आहे, अक्कल आहे हे ठाऊक नाही.
बा.मि. आला. बोरं नव्हतीच आता, नुसता आला. जळकी जागा बघितली. डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. मग म्हणाला, "बाई, तहसिलीत अर्जी द्या. उर्दूत लागती. माझा मेव्हणा लिहून देतो."
"गावात राहायचंय मला, बाबूमियाँ."
"अर्जी नाही दिली तर राहू देणार का?"
अंगठा मागितला तर मी सही केली. मोडीत. मेव्हणा बघतच राहील, म्हणाला.
बा.मि. दोन पेंढ्या वैरण टाकून गेला. त्याच्या घोड्याची होती.

फाल्गुन पौर्णिमा
शिमगा. दिवस मावळला आणि गावातून बोंब ऐकू यायला लागली. दरवर्षी पाटलाच्या, सावकाराच्या नावानं मारतात. यंदा माझ्या नावानं. नाव आणि खोकड जोडून. इथवर स्पष्ट आलं, वारं पडलेलं. गोठ्यात बैलांच्या मधी जाऊन बसले. त्यांच्या अंगावर हात फिरवत राहिले. रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं. दात दुखतायत, इतके आवळून धरले होते.

फाल्गुन व. २
तहसिलीचा शिपाई आला. षष्ठीला केजला हजर. ज्ञानोबालाही बोलावलंय. त्याच्याकडून पाटील साक्ष देणार. माझ्याकडून कोण? बा.मि. नं आग बघितली नाही. बैल बोलत नाहीत.

फाल्गुन व. ४
भर दुपारी कौसा आली. लेक कडेवर, डोक्यावर टोपलं, त्यात गोवऱ्या, कुणी विचारलं तर सांगायला. मी दारात उभी राहिले, आत ये म्हटलं नाही. राग होता. शिमग्याच्या दिवशी ही कुठं होती?
ती उन्हातच उभी राहून बोलली. खाली बघून.
"आक्का, देवऋषी आला त्याच्या आदल्या दिशी धनी त्याच्याकडं गेलते. काय बोलायचं ते सांगून आलते. मला म्हायती होतं."
मी दाराची कडी धरून उभी.
"लेकरू फणफणत होतं. मला वाटलं औषिद सांगाया गेलेत. यांनी माझ्या लेकराच्या तापावर वावर मागितलं, आक्का."
मग म्हणाली, त्या दिवशी ज्ञा. नं घासलेटची बाटली मागितली. कंदिलाला म्हणाला. हिनंच भरून दिली. बाटली रिकामी परत आली, कंदील कोरडाच.
"कशाला सांगतीस मला? तहसिलीत सांग."
लेकीनं माझ्याकडं हात केले, पोर ओळखतं. घेतलं नाही मी. घ्यायला हवं होतं.
"मला माहेर न्हाई आक्का," म्हणाली. "भाऊ बी यांच्याच ताटात जेवतो."
मग गोवऱ्यांचं टोपलं उचलून गेली.

फाल्गुन व. ५
उद्या पहाटे निघायचं. गड्यानंही दांडी मारली, ज्ञानोबानं दम दिलाय. गाडी मीच हाकणार. ह्यांचं धोतर फाडून बैलांच्या खांद्याला पट्ट्या केल्या.
बांधाला नवं उकरलेलं दिसलं. ओढ्याकडच्या बाजूला, काटेरी झुडपात. उंदराची शेपटी पडलेली. जाऊन बघितलं नाही.

फाल्गुन व. ६, केज
तहसिलीच्या ओट्यावर बसून लिहितेय. पुकारा व्हायचाय. माणसं बघतायत, बाई लिहितेय म्हणून. बघू देत.
पहाटे ओढ्याच्या उतारावर कौसा उभी होती. लेक पाठीला बांधलेली. गाडी थांबवली नाही मी, बैलच थांबले. ती चढून मागं बसली. वडवणीच्या वाटेचा फाटा लागला तिथं विचारलं, तहसिलीत बोलशील का? म्हणाली, "गाडी हाका आक्का, ऊन व्हायच्या आत पोचू."
ज्ञानोबा आणि पाटील आधीच आलेले. ज्ञा. नं तिला गाडीतून उतरताना बघितलं. चेहरा उतरला, मग चढला. जवळ येऊन हळू आवाजात म्हणाला, "घरी चल. आत्ताच्या आत्ता." ती लेकीला पाजायला बसली, त्याच्याकडं पाठ करून. पाटलांनी त्याला दंडाला धरून नेलं.
बा.मि. पाण्याचा गडवा आणून ठेवून गेला. आम्ही दोघीही प्यालो नाही.
पहिला पुकारा ज्ञानोबाचा झाला. तो आणि पाटील आत गेले. आतून पाटलांचा आवाज येतोय, उर्दू बोलतायत, मला अर्धंच कळतंय. "औरत", "पागल" एवढं कळलं.
कौसानं लेक माझ्या मांडीवर ठेवली. या वेळी घेतली. ती उठली, पदर डोक्यावर घेतला, आणि आतल्या दारापाशी जाऊन उभी राहिली. शिपाई म्हणतोय, तुमचं नाव न्हाई बाई, मागं व्हा. ती मागं होत नाही.
माझा पुकारा झाला.