एकसारख्या पराती

१२ नोव्हेंबर २०१८, अलेप्पो

माझ्या हातचं : भट्टीचा घुमट—पडक्या घरांच्या विटा, चिकणमाती, बकरीचे केस. लोखंडी दार, बिजागऱ्यांसकट. लांब दांड्याचं लाकडी फावडं. धुराडं—दोनदा! पहिलं तसूभर कललं, पाडलं. कुणी शिकवलं नाही. बघून शिकलो.

आपण लढाई हरलो त्याला दोन वर्षं होतील. दलाल घरं विकत घेत फिरतोय. गल्लीत पुन्हा भट्टी पेटली तर उरलेले थांबतील, असं मला वाटतं. बायको, सल्वा, म्हणते, "आणि नाही थांबले तर? तूच राहा त्या घुमटात!"

१६ नोव्हेंबर, शुक्रवार

पेटली! धूर सरळ वर.

घराघरांतून कुब्बा—दलिया नि खिम्याचा थर—परातींत भाजायला आला. उम्म वजीहचाही—वजीहच्या आईचा. वजीह जिंकलेल्या फौजेत. तेव्हापासून आईकडे फिरकलेला नाही. समोरच्या अबू लबीबचा मुलगा लबीब आपल्या बाजूने लढताना गेला. पोरं एका बाकावर बसायची. आता दोन्ही घरांत शब्द नाही.

"तिची परात माझ्या परातीला लागता कामा नये," अबू लबीब म्हणाले.

"आग एकच आहे. ती कुठून वेगळी आणू?" तरी वीतभर जागा सोडली.

१७ नोव्हेंबर

घोळ. आणि माझ्या हातून!

पूर्वीच्या भट्टीवर मी प्रत्येक घरची तांब्याची परात पोच्यांवरून ओळखायचो. लुटीत गेल्या सगळ्या. आता मदतीत मिळालेल्या, सगळ्यांकडे एकसारख्या. या दोन घरांच्याच अदलाबदल झाल्या—आणि दोघांनी खाल्लंही!

अबू लबीब आले. म्हटलं, आता शिव्या. तर म्हणाले, "अजून डाळिंबाचा रस घालतात त्या. लबीब तिकडेच जेवून यायचा." बराच वेळ बसून होते.

१९ नोव्हेंबर

दुसऱ्याचं भांडं रिकामं कसं परत करणार? अबू लबीबच्या बायकोने ऑलिव्ह भरून दिले, माझ्या हाती. उम्म वजीह बघतच राहिल्या. एक तोंडात टाकला. "मीठ जास्त. हातच तसा तिचा!" आणि ओढणीने डोळे पुसले.

२३ नोव्हेंबर, शुक्रवार

दोघं एकदमच भट्टीवर. "कुणाची कुठे ठेवू?" मी विचारलं.

"ठेव रे कुठेही," अबू लबीब.

"पण माझी मलाच दे, अबू नाजी," उम्म वजीह म्हणाल्या, "खारट खाऊन तहानेने मेले असते!"

अबू लबीब हसले. हसले!

२४ नोव्हेंबर

दलालाच्या मोटारीतून आज खुद्द खरेदीदार उतरला. वजीह. "काका, भट्टी गेली की बाकीचे आपोआप विकतील." आईच्या दारावरून गेला, थांबला नाही. उम्म वजीहना माझ्याकडून यातलं काही कळता कामा नये. भट्टीचे चाळीस हजार डॉलर देत होता, रोख. नाही म्हटलं.