चौदा पूर्णांक दोन

ती. अक्का,

नमस्कार. वाकून केला असं समजा, गुडघा नाही म्हणतोय. तुमची कंबर, तुमचा चष्मा आणि जिन्याखालची मांजर तिन्ही ठीक असतील असं धरून चालतो, म्हणजे उत्तरात तुमचं अर्धं पान वाचेल. आम्ही दोघं बरे आहोत. म्हणजे मी बरा आहे. तुमची धाकटी बहीण गेले दोन दिवस माझ्याशी मोजकं आणि भिंतीशी भरपूर बोलते.

मला लांबण लावता येत नाही, म्हणून मुद्द्याचं आधी सांगतो. हिने रसायनशास्त्र सोडायचं ठरवलंय. प्रवेश रद्द करायचा अर्ज भरला, लिफाफ्यात घातला, तिकीट चिकटवलं आणि पोस्टात टाका म्हणून माझ्या हातात दिला. तो आत्ता माझ्या शर्टाच्या खिशात आहे. अर्ज तिकडे पोचला की संपलं, पुन्हा प्रवेश नाही, असं त्याच्यावरच छापलंय.

आता हे सगळं सुरू कुणी केलं? तुम्ही. घरबसल्या पदवी देणाऱ्या विद्यापीठाचं ते माहितीपत्रक तुम्हीच पाठवलंत. (मी त्यात दोन शर्ट बांधून गिऱ्हाईकाला देणार होतो. हिने हातातून ओढून घेतलं.) मला वाटलं, अठ्ठावन्नाव्या वर्षी बाई पुस्तकं चाळेल, चार दिवसांनी कंटाळेल. कसली कंटाळतेय! पहिल्या वर्षाला पंचाहत्तर टक्के. मी सातवीत दोनदा बसलेला माणूस, मला टक्क्यांतलं कळत नाही, पण समोरचा औषधवाला उठून उभा राहिला म्हणजे बरेच असावेत.

तेव्हापासून दुकानाची शाळा झाली. पस्तीस वर्षं मी लाँड्री चालवतोय. डाग आला की मी बघतो, वास घेतो आणि काढतो. आता ही मधे येते आणि गिऱ्हाईकाला सांगते की हा गंजाचा डाग आहे, म्हणजे लोखंडाचं अमुक झालं, त्याला तमुक लावलं की ते सुटून येतं. परवा एक वकीलबाई कोट घ्यायला आल्या आणि अर्धा तास उभं राहून ऐकत होत्या. जाताना मला म्हणाल्या, "काका, तुम्हाला हे माहीत होतं?" मी म्हटलं, "बाई, मला डाग गेलेला माहीत असतो. तो कुठे गेला ते मी विचारत नाही."

यंदा विद्यापीठाने घरी करायच्या प्रयोगांची पेटी पाठवली. पेटी कसली, संसारच तो. काचेच्या नळ्या, चंबू, औषधांच्या बाटल्या आणि डिस्टिल्ड वॉटरचा पाच लिटरचा कॅन. स्वयंपाकघरातलं टेबल गेलं. आम्ही आता खाली बसून जेवतो, आणि उठताना एकमेकांना हात देतो. उभी नळी धरायचा चिमटा पेटीत आलाच नव्हता, तर विद्यापीठाला पत्र लिहायला बसली. मी म्हटलं, पत्र पोचेपर्यंत तू म्हातारी होशील. पँट अडकवायचा हँगर आणला, त्याच्या चापात नळी पकडली, हँगर खिडकीच्या गजाला लावला. दोन मिनिटांचं काम. व्हिडिओवर शिकवणाऱ्या सरांनी ते बघून विचारलं, "हे कुठल्या कंपनीचं?" (फोन मीच धरून उभा होतो.)

तर प्रयोग असा की पाणी किती जड आहे ते मोजायचं. मला विचाराल तर साबण लावावा, फेस आला नाही की पाणी जड, झालं. पण नाही. आधी म्हणे डिस्टिल्ड पाणी घ्यायचं, त्यात रंगाचे थेंब टाकायचे. ते शुद्ध असतं, म्हणून लगेच निळं व्हायला हवं. नाही झालं, तर वरच्या नळीतून औषध सोडायचं, आणि निळं होईपर्यंत जितकं लागेल तितकं पाणी जड. तिथे शून्य आलं, की मग आपल्या नळाचं पाणी मोजायचं.

हिचं निळं होईना. लालसर जांभळं. वरच्या नळीतून औषध थेंब थेंब सोडत गेली, तेव्हा कुठे नळीवरच्या चौदा पूर्णांक दोनच्या खुणेला निळं झालं. शून्याच्या जागी चौदा पूर्णांक दोन! सर म्हणाले, हात हलला असेल, परत करा. परत तेच. काचा धुतल्या, चष्मा बदलला, श्वास रोखून केलं. अकरा वेळा केलं अक्का, आणि अकराही वेळा चौदाच्या आसपास. शेवटी सर म्हणाले, "ताई, वयोमानाने होतं असं. लेखी पेपर चांगले आहेत तुमचे." तिथे ती खचली. रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं. चंबू पुसले, एकेक कागदात गुंडाळला आणि म्हणाली, "डोळे गेले माझे. चाळीस वर्षं उशीर झाला. पेटी परत पाठवून द्या."

तर हे असं आहे. मी म्हटलं तुम्हाला कळवावं. बाकी दुकान बरं चाललंय. मोठ्यांना नमस्कार, लहानांना सांगा की अभ्यास करा, पण टेबल सोडून.

आपला,
धाकट्या बहिणीचा नवरा

ता. क. लिफाफा अजून खिशातच आहे. तुम्ही शाळा चालवलेली बाई आहात, काहीतरी शिजतंय हे तुम्हाला कळलंच असेल, म्हणून सांगून टाकतो. गेल्या आठवड्यात हॉटेलच्या चाळीस चादरी एकदम आल्या. वाफेच्या इस्त्रीत नळाचं पाणी घातलं की ती पांढऱ्यावर पिवळं थुंकते, आणि माझ्याकडचं डिस्टिल्ड संपलेलं. हिचा कॅन समोर होता. सगळा इस्त्रीत ओतला आणि नळाखाली धरून पुन्हा काठोकाठ भरून ठेवला. म्हटलं, पाणी ते पाणी. इस्त्रीला जे चालत नाही ते बायकोला कसं चालेल, हे डोक्यातच आलं नाही. पहिलं कॉलेज तिने माझ्याशी लग्न ठरलं म्हणून सोडलं, हे तुम्ही मला दर दिवाळीला ऐकवलंय. दुसऱ्यांदा सोडतेय ते माझ्या इस्त्रीपायी, हे तोंडाने सांगायची माझी हिंमत नाही. तेव्हा विनंती अशी की तुम्ही फोन करा आणि सांगा, पाणीच खराब आलं असेल, तपासून बघ. माझा उल्लेख नको. तुमचं ती ऐकते.

ता. क. दुसरा. फोन करू नका. वरचं लिहून मी जेवायला गेलो, तर ही पेटी बांधता बांधता थांबलेली. वहीतलं शेवटचं पान कोरं राहू नये म्हणून नळाचं पाणी मोजत होती. मग दोन्ही हातात दोन चंबू घेऊन माझ्यासमोर उभी राहिली.

"हे नळाचं. चौदा पूर्णांक दोन. हे कॅनमधलं. चौदा पूर्णांक दोन. कॅनला हात कुणी लावला?"

मी म्हटलं, "चादरी फार होत्या गं."

मला वाटलं चंबू डोक्यात बसणार. तर ही खाली बसली आणि हसायलाच लागली. "म्हणजे माझं बरोबर होतं! अकराच्या अकरा वेळा बरोबर होतं!" मग हसू थांबवून हात पुढे केला. "लिफाफा?" मी दिला. "दोन दिवस खिशात? तुम्ही तर गिऱ्हाईकाला पावतीसाठीसुद्धा थांबू देत नाही." लिफाफा फाडला, तिकीट तेवढं सोडवून घेतलं. तेच या पत्राला लावलंय.

वहीत 'चूक येण्याचे कारण' असा रकाना असतो. तिने स्वच्छ अक्षरात लिहिलं, 'पती', आणि खाली माझी सही घेतली. संध्याकाळी सरांना वाचून दाखवलं. त्यांनी वयाबद्दलचे शब्द मागे घेतले आणि विचारलं, "पण ताई, ते कारण आता दूर केलंत ना?"

ही म्हणाली, "कसं करू सर? दुकान त्यांच्या नावावर आहे."