मौजे माउर

मी, नरसिंग राजय्या माहूरकर, वय एक्क्याऐंशी, राहणार कन्ना चौकाजवळ, सोलापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कोणी न सांगता लिहून ठेवतो. गुडघे गेले आहेत, पण डोके ठिकाणावर आहे असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. घरच्यांचे मत वेगळे आहे. ते जोडलेले नाही. २०१४ साली केलेले माझे मृत्युपत्र यापुढे रद्द समजावे. ते रद्द का करावे लागले, तेच सांगायचे आहे.

कलम १. राहते घर माझ्या स्वकष्टाचे. टॉवेलवरच्या नक्षीसाठी मागाला लागणारे भोकांचे पुठ्ठे पाडता पाडता पस्तीस वर्षांत ते उभे राहिले. माझ्यामागे ते मुलगा अंबादास व सून पद्मजा या दोघांचे, सारख्या हिश्शाने. अंबादासने एकट्याने विकू नये. त्याच्या मनात पुण्याचा फ्लॅट आहे. तो नुसता भिंतींकडे बघतो, मला कळते.

कलम २. चौथी ते सातवीची मराठीची पुस्तके नात संस्कृतीला. त्यांतल्या सगळ्या कविता मला अजून पाठ आहेत. पावसाच्या कवितेला गुरुजी खिडकी उघडायला लावत आणि बाहेर सोलापूरचे ऊन असे, तरी मला गार वाटे. संस्कृतीने त्या मोठ्याने वाचाव्यात. मनातल्या मनात वाचून कविता कळत नाही, असे मी साऱ्या गल्लीला सांगत आलो. स्वतः मात्र एक कागद चाळीस वर्षे मनातल्या मनातच वाचला.

कलम ३. तो कागद व त्याची लोखंडी पेटी पद्मजाला.

आमचे पणजोबा यल्लय्या मोठ्या दुष्काळात, १८७७ च्या सुमारास, तेलंगणातून बायकोला घेऊन पायी सोलापुरास आले. कोणत्या गावाहून, ते घरात कोणालाच ठाऊक नाही. त्यांनी इथे घेतलेल्या पहिल्या खोलीचा मोडीतला भाडेपट्टा तेवढा उरला आहे. जाणकाराकडून मी तो देवनागरीत उतरवून घेतला. त्यात आहे : ‘यलया, धंदा विणकर, मौजे माउर.’ मला लगेच माहूर दिसले. कारकुनाने ह गाळला असेल, आपल्याकडे बोलताना गाळतातच. शिवाय माहूर तेलंगणाच्या सीमेला लागून. चार वेळा एस.टी.ने जाऊन आलो. तिथे आमचे येमूल आडनाव कोणी ऐकलेले नव्हते. तरी १९८४ साली राजपत्रात छापून मी येमूलचा माहूरकर झालो. धाकटा भाऊ मल्लेशम तयार झाला नाही. त्यावरून आमचे बोलणे तुटले.

गेल्या दिवाळीत पद्मजा पेटी पुसत होती. ती माहेरची सिद्दिपेटची. त्यातला देवनागरी उतारा हातात घेऊन तिने मोठ्याने वाचला.

“मावय्या, हे गाव नाही हो.”

“मग काय आहे?”

“मा ऊरु. म्हणजे आमचं गाव. आमच्यात सांगताना असंच सुरू करतात, मा ऊरु अमुक.”

म्हणजे गाव विचारल्यावर पणजोबा सांगू लागले, ‘आमचे गाव…’ आणि कारकुनाने तेवढेच दोन शब्द जोडून लिहिले व टाक खाली ठेवला. पुढचा शब्द पणजोबांनी उच्चारला असणारच. तो कोणी लिहिला नाही. माझी आई हे दोन शब्द दिवसातून दहादा बोलत असे. ती तेलुगूत विचारी, मी मराठीत उत्तर देई. माझ्या मराठीला तेलुगूचा वास नाही याचा मला अभिमान होता. आता त्याचा संताप येतो. कोणावर करावा ते कळत नाही, म्हणून गोळ्या देणाऱ्या अंबादासवर करतो.

पद्मजाला पाठवून मल्लेशमला बोलावले. तो काठी टेकत आला. ऐकून हसला असता तर बरे झाले असते.

“तुला कळलं असतं का रे हे?” मी विचारले.

“कागद दावलास कुटं, अण्णा? चौथी नापासाला मोडी काय दाखवायची, म्हणालास की. लई लोकांपुढं म्हणालास.”

म्हणालो होतो. इथे लेखी कबूल करतो.

कलम ४. माहूरच्या डोंगरावरून पणजोबा उतरतात, अशी बेचाळीस ओळींची कविता मी समाजाच्या मेळाव्यात म्हटली होती. तिच्यातले एक अक्षरही खरे नाही. वृत्त मात्र कुठेही चुकलेले नाही, म्हणून फाडू नये.

कलम ५. आडनाव. घराचा उतारा, पेन्शन, अंबादासचा पासपोर्ट, सगळे माहूरकर. “नाना, आता परत बदलू नका, हात जोडतो,” असे तो म्हणतो. राहू दे. अर्धे तेलुगू, अर्धे मराठी, अर्थ ‘आमच्या गावचा’. गाव कोणते, विचारू नये.

कलम ६. वडिलांच्या हातमागाचा धोटा मल्लेशमला द्यायचा होता, आणि साक्षीदारही तोच हवा होता. वकील म्हणाले, ज्याला काही मिळते तो साक्षीदार नसलेला बरा. मल्लेशम म्हणाला, “धोटं ऱ्हाऊ दे. माझी सही घे. येमूलची.” सबब धोटाही पद्मजाला.

कलम ७. माझ्या अस्थी माहूरला न्याव्यात, असे २०१४ मध्ये लिहिले होते. ते साफ रद्द. “मग तुला कुटं न्यायचं?” मल्लेशमने विचारले. सोलापूर हेच आपले गाव, असे अंबादास म्हणतो. बोलायला सोपे आहे. पण पणजोबा सोलापुरात उभे राहून ‘आमचे गाव’ म्हणाले, तेव्हा त्यांच्या डोळ्यांपुढे सोलापूर नव्हते. म्हणून अस्थींचे काय करायचे ते मल्लेशमने ठरवावे. त्याच्या म्हणण्यात अंबादासने पडू नये. मीही पडणार नाही. या खेपेला तेवढी हमी देता येते.

वरील मजकूर वाचून, दोन ठिकाणी खोडून, सही करतो.

ठिकाण : सोलापूर. दिनांक १७ फेब्रुवारी २०२५.

लिहून ठेवणार : नरसिंग राजय्या माहूरकर

साक्षीदार :
१. लालसाब हुसेनसाब शेख, शेजारी.
२. ही सही तेलुगूत आहे. भजनाच्या वहीवरून तो ती लिपी शिकला. मला वाचता येत नाही. मल्लेशम राजय्या येमूल, असे लिहिले आहे म्हणून पद्मजा सांगते. नावाखाली त्याने आणखी एक शब्द मोठ्याने म्हणत लिहिला आहे. तो ‘तम्मुडु’ आहे, धाकटा भाऊ. तो मला न विचारता कळला.