वांग्यांची मर

१२ डिसेंबर, गुरुवार
विहिरीकडच्या चार-पाच वांग्यांनी दुपारी माना टाकल्या. पाणी तर सकाळीच दिलं! संध्याकाळी पुन्हा ताठ. ऊन लागलं असेल.

१५ डिसेंबर
ऊन नाही. खालची पानं पिवळी पडलीत. आज संध्याकाळीही झाडं उठली नाहीत. रोप मी टाकलं, लावलंही मीच. पावसाळ्यात माझ्या पोटातलं गेलं, त्यानंतर पहिल्यांदा मन लागलं ते या वांग्यांत. आता कुठे फुलं धरली होती —

१८ डिसेंबर
अख्खी ओळ गेली. सासूबाई बांधावरून शेजारच्या कमळीकाकींना म्हणाल्या, "हिच्या हातात काय टिकत नाय." मला ऐकू येईल असं. गोरख तिथेच मोटारीचा पाइप गुंडाळत होता. नवरा माझा! गुंडाळतच राहिला.

२० डिसेंबर, शुक्रवार
गोरखची सेकंड शिफ्ट. म्हणून सकाळी दोघं निडीहून रोह्याला गेलो, कृषी कार्यालयात. एक झाड मुळासकट नेलं. तिथल्या मॅडमनी खोड चिरलं — आत तपकिरी रेघा. एक तुकडा पाण्याच्या ग्लासात धरला, दुधासारखं काही सुटलं नाही. म्हणाल्या, "म्हणजे जिवाणू नाहीत, बुरशी आहे. मर रोग. जमिनीतून मुळात शिरते, मग पाणी वर चढत नाही."
म्हणजे झाड ओल्या मातीत उभं राहून तहानेनं मरतं!
मी विचारलं, कुणी हात लावल्यानं होतं का?
"कुणाच्या हातानं नाही होत हो."
मी गोरखकडे पाहिलं. त्यानं मान हलवली. रोगट झाडं जाळा, तिथलं पाणी पुढच्या वाफ्यात सोडू नका, काही वर्षं तिथे वांगी-मिरची नको — सगळं त्याच्यासमोरच सांगितलं.

२१ डिसेंबर
उपटली, जाळली. ओली झाडं, नुसता धूर. एकाला इवलंसं वांगं लागलं होतं. ते बाजूला काढलं, मग तेही टाकलं. रडू आवरेना.
जेवताना सासूबाई म्हणाल्या, "उरलेल्यात तू पाय ठेवू नको गो. चांगली हायत ती पण जातील."
मी थांबले. आता गोरख सांगेल ना, मॅडम काय म्हणाल्या ते!
तो म्हणाला, "थोडे दिवस नको जाऊ. आईला बरं वाटंल."

२३ डिसेंबर
पिशवी भरली. कुणी विचारलंही नाही.

२४ डिसेंबर
पेण, रामवाडी. आईकडे. आईनं चहा पुढे ठेवला. कुंडीतल्या मिरचीला पाणी घाल म्हणाली. माझा हातच पुढे होईना.

९ जानेवारी
गोरखचा फोन. उरलेली वांगीही गेली, सगळी. मी नसताना! "आईला पटलंय आता, तुझं काय नव्हतं त्यात. ये घरी."
"तुला तर रोह्यातच कळलं होतं," मी म्हटलं.
जाणार नाही.