माझं क्लोव्हर, तुमचं कुरण

तापिओला, मिशिगन
२ नोव्हेंबर

आदरणीय आर्विद दाजी यांस,

ताउनोचा उभ्यानेच नमस्कार. (वाकून करणार होतो, पण कंबर धरली आहे. का, ते पुढे येईलच.) इकडे सगळे खुशाल. तुमचा गुडघा काय म्हणतो? ताईचा खोकला गेला का? डेट्रॉइटच्या हवेत कसला जातोय म्हणा! आमच्या हिने, लेंपीने, वेलदोड्याचा पाव वेगळा पाठवला आहे.

बाबांना यंदा अठ्ठ्याऐंशी पूर्ण झाली. पाय आता रानात चालत नाहीत, पण गेला हिवाळाभर एकच टुमणं, "जाण्याआधी एक हरीण मारायचंय." बाबांना हरणाकडे जाता येत नाही, तर हरणाने बाबांकडे यावं, म्हणून मी त्यांच्या शिकारीच्या खोपीसमोरच्या उतारावर क्लोव्हर लावायचं ठरवलं. तुम्हाला वाटेल, तीन पानांचं गवत ते, त्यात काय निवडायचंय? पण मोठ्या पानांचं क्लोव्हर आपल्या थंडीत पहिल्याच वर्षी मान टाकतं, लाल फुलांचं दोन वर्षांत म्हातारं होतं, आणि गोड क्लोव्हर म्हणतात ते वाढतं माणसाएवढं, पण हरीण त्याला धड तोंड लावत नाही. शेवटी बुटकं पांढरं घेतलं. इथवर माझी अक्कल शाबूत होती, हे लेंपीसुद्धा मान्य करते.

आता मार्चमध्ये बर्फ हटला की पहाटेच्या गोठलेल्या, उघड्या मातीवर बी फेकायचं. माती गोठते, वितळते आणि बी आपसूक आत ओढून घेते, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. मी जरा जास्त शहाणा. बर्फ असतानाच पेरलं तर बी कुठे पडलं ते स्वच्छ दिसेल, असा विचार करून पायांत स्की चढवल्या, बी फेकायचं यंत्र गळ्यात अडकवलं आणि कडक बर्फावर असं एकसारखं पेरलं की बघत राहावं. (बघितलंही. फोटो काढले.) मग एप्रिलात पाऊस आला. बर्फ, पाणी आणि माझं बी अशी वरात उतारावरून निघाली ती कुंपणाखालून थेट शेजारच्या तुमच्या खोलगट जमिनीत जाऊन थांबली.

जुलैत माझ्या उतारावर नेचे, आणि तुमच्याकडे हिरवागार गालिचा! संध्याकाळ झाली की हरणं आमच्याकडे पाठ करून तिथे चरतात. बाबा दुर्बीण लावून म्हणाले, "ताउनो, तुझे पाहुणे जावयाकडे जेवतायत रे!" मला फार वाईट वाटलं, दाजी. त्यांच्यासाठीच तर सगळा खटाटोप होता. त्यात तुम्ही तुमच्या इथल्या सौनात, वाफेच्या न्हाणीत, लाकडाची चूल काढून विजेची बसवलीत, तेव्हापासून तुमच्या जमिनीवर पाय ठेवायचा नाही अशी बाबांची शपथ. ती मी कशीबशी मोडायला लावली आहे ("खोपीत बसल्यावर पाय जमिनीला कुठे लागतात?"). तेव्हा पंधरा तारखेला शिकार सुरू होईल, त्या दिवशी त्यांना तुमच्याकडे बसू द्यावं, ही विनंती.

आपला,
ताउनो

ता. क. खोपी तुमच्याकडे नेऊन झाली आहे. ट्रॅक्टर रुतला, मग मी ढकलली. कंबरेचं कारण तेच.

ता. क. आणखी एक. वर शिकारीबद्दल लिहिलं ते विसरा. काल बाबांना बंदूक पुसून दिली, तर माझ्यावरच खेकसले, "हिला मारू?" एक लंगडी म्हातारी हरणी रोज सगळ्यांना ढुशा देऊन पहिली खायला येते. तिला त्यांनी ताईचंच नाव दिलं आहे, एल्मा. (ताईला सांगू नका.) तेव्हा खरी विनंती अशी, की या वर्षी तुम्ही तुमच्या जमिनीवर शिकार करू नये. तुम्ही खुशाल या, जेवा, राहा. बंदूक मात्र बाबांनी आज सकाळी परत मागून घेतली. हरणांसाठी नाही म्हणतात.