विकणे आहे: अमेरिकन गाडी, मालक शांत

१४ सप्टेंबर, सकाळ
गाडीची जाहिरात टाकली. १९२८ची अमेरिकन टूरिंग. सात सीट, कापडी टप, चालू कंडिशन. जेऊरच्या एका गोठ्यातून आणली तेव्हा मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसली होती. वर्षानुवर्षं राबून नवरीसारखी केली. आता विकायची. प्रियंकाचं, म्हणजे बायकोचं म्हणणं, ह्या गाडीपायी तुमी कुणाला ना कुणाला हाणता. दसऱ्यापातूर गाडी गेली न्हाय तर मी वैरागला माहेरी चालले, ती कायमचीच. बायको महत्त्वाची. शिवाय माझा स्वभाव मुळात शांत. चार दिवसांत विकतो.

१६ सप्टेंबर
पहिलं गिऱ्हाईक. प्रभुलिंग, आमच्याच शुक्रवार पेठेतला किराणावाला. चांगला माणूस. गाडीभोवती फिरला आणि विचारलं, ॲव्हरेज किती देती? मी हसलो. मग विचारलं, गॅस किट बसंल की? मी फक्त ढकललं. मागे गटार आहे हे पेठेत जन्मलेल्याला माहीत नको?

१७ सप्टेंबर
संकल्प: गिऱ्हाईक असेपर्यंत दोन्ही हात पाठीमागे.

२१ सप्टेंबर
बार्शीचा एक फोटोग्राफर आला. लग्नाआधीचे फोटो काढायला गाडी हवी. दरवाजावर थाप मारून म्हणाला, भंगार असून लई भारी दिसती. हात पाठीमागेच ठेवले. लाथ मारली. त्याने ट्रायपॉड पाठीत घातला. मग तोच ट्रायपॉड घेऊन मी त्याला कोपऱ्यापर्यंत बदडत नेला. तोवर तो गिऱ्हाईक राहिला नव्हता, त्यामुळे संकल्प शाबूत.

२५ सप्टेंबर
प्रियंका म्हणते, तुमाला गाडी इकायचीच न्हाय. काहीही! मुद्दा पटावा म्हणून तांब्या भिंतीवर आपटला. तिने उचलून पोचे पाहिले आणि ठेवून दिला. पटलं असावं.

२७ सप्टेंबर
नवी युक्ती. बोलणी श्रीमंत करणार. श्रीमंत म्हणजे माझा मेकॅनिक मित्र. मी आत, दाराला बाहेरून कडी. आणि हा गाढव गिऱ्हाइकाला खरं सांगतो! चढाला जरा धापा टाकती म्हणे. कडी तुटली. श्रीमंतला टाके पडले. पाना लहानच होता.

१ ऑक्टोबर, खंडेनवमी
आज भीतीच नाही. पाने, हातोड्या, स्टार्टिंग हँडल, सगळी हत्यारं धुऊन पूजेला मांडली. उद्यापर्यंत हात लावायचा नाही.
अशा मुहूर्तावर बिभीषणराव आले. पुणे रोडला हॉटेल आहे त्यांचं. चप्पल काढून गाडीला नमस्कार केला. घासाघीस नाही, सांगितली ती किंमत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. प्रियंका चहा टाकायला गेली ती गुणगुणत. मग म्हणाले, हॉटेलम्होरं उभी करतो, मागच्या सीटा काढून तंदूर बसवतो, लोक बघतच राहत्याल.
हत्यार नव्हतं. नारळ होता. नेम चुकला आणि गाडीचाच पुढचा दिवा फुटला. मग बिभीषणरावांनी मला फोडलं. वय साठीचं, हात पैलवानाचा. माझं मनगट मोडलं. प्रियंका हळद घेऊन धावली आणि त्यांच्या बोटांना लावत बसली.

२ ऑक्टोबर, दसरा, सकाळ
मनगट प्लॅस्टरमध्ये. गाडी गेली. घेतानाच प्रियंकाच्या नावावर केलेली, लक्ष्मी म्हणून. तिने बिभीषणरावांना चहा पाजला, माफी मागितली आणि फुटक्या दिव्यासकट देऊन टाकली. म्हणजे अट मुदतीत पूर्ण. शेवटी माझं नियोजन कामाला आलं. अंगण केवढं मोकळं दिसतंय. वाईट वाटतंय, फार वाटतंय. पण प्रियंका झाडता झाडता माझ्याकडे बघून हसली. आता सुखाने राहू. मारामारीला कारणच उरलं नाही.

संध्याकाळ
प्रभुलिंग सोनं द्यायला आला. आपट्याचं पान हातात ठेवलं, मोठ्या मनाने गळ्यात पडला आणि सहज विचारलं, गाडी कितीला गेली की?
प्लॅस्टरने मारलं की दोघांनाही लागतं.
प्रियंकाने त्याला उठवून बसवलं, पाणी दिलं. मग आत जाऊन बॅग भरली. ओरडली नाही. म्हणाली, मला वाटायचं गाडीच वाईट हाय.
स्टँडपर्यंत सोडतो म्हणालो. कशात सोडताय, म्हणाली, आणि चालत गेली.